लुई विरुद्ध अली, गॅड्सडेनांच्या जेवणघरात

"म्हाताऱ्याला गुंडाळायचं म्हणजे दोन तासांचं काम!" असं क्लिओफस बँकस्टननं न्हाव्याच्या दुकानात जाहीर केलं, तेव्हा दाढीला बसलेलं गिऱ्हाईक फेसासकट हसलं. क्लिओफसला ते कौतुक वाटलं. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात एकतीस वर्षं मुकादमी केलेल्या माणसाला कौतुक वाटायला फार काही लागत नाही.

काम तसं सोपंच होतं. क्लिओफसचं वय त्रेसष्ट, एक गुडघा नवा, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. आणि चर्चमध्ये गाणाऱ्या व्हर्डेलवर जीव जडलेला. व्हर्डेल अठ्ठावन्न वर्षांची, विधवा, तीन नातवंडांची आजी! पण तिचं एकच म्हणणं. "डॅडी हो म्हणाले तर लग्न. नाही म्हणाले तर तू तुझ्या घरी, मी माझ्या."

डॅडी म्हणजे एझेकिएल गॅड्सडेन. वय वर्षं एक्क्याण्णव. मागचा उमेदवार त्यांनी सूप संपायच्या आत घालवला होता. डॅडींचा देव म्हणजे डेट्रॉइटचा जुना जगज्जेता लुई; हल्लीचे बॉक्सर त्याच्यापेक्षा आकारानं मोठे असतात, एवढंच तो बिचारा म्हणाला होता!

म्हणून रविवारी दारातच व्हर्डेलनं बजावलं, "बॉक्सिंगचा विषय काढायचा नाही. आणि तू केंटकीचा आहेस हे तर मुळीच बोलायचं नाही. लोक लुईपेक्षा वरचढ म्हणतात तो अली तिकडचाच."

"अगं, मी सगळ्याला हो म्हणणार आहे!" क्लिओफस म्हणाला. सकाळीच केंटकीहून त्याच्या शहाऐंशी वर्षांच्या आईनं फोनवर बरोबर उलटं बजावलं होतं: "लग्न कर बाबा, पण आपल्या मातीला लाज आणू नकोस." तिलाही तो हो म्हणाला होता.

जेवण सुरू झालं. म्हातारबा म्हणाले, "उकडतंय."

"फारच, सर!"

"तसं गारच आहे म्हणा."

"गारठाच आहे, सर!"

म्हातारबांनी काटा खाली ठेवला. "लुई आणि अली. दोघेही ऐन भरात. पंधरा फेऱ्या. कोण जिंकतो?"

व्हर्डेलच्या हातातलं मॅकरोनीचं भांडं जागच्या जागी थांबलं.

"लुई, सर!"

"कितव्या फेरीत?"

"आठव्या."

"आठव्या?"

"सातव्या... सहाव्या म्हटलं तरी चालेल, सर."

"व्हर्डेल, हा माणूस आहे की मुंडी हलवणारा नंदीबैल?" म्हातारबा कडाडले. "पोरा, अडतीस साली मी सहा वर्षांचा होतो. अख्खी गल्ली एका रेडिओला चिकटलेली. माझ्या बापानं पाईप पेटवायला काडी ओढली, आणि पाईप पेटायच्या आत लुईनं समोरच्या जर्मन बॉक्सरला झोपवला! बाप ढसाढसा रडला. त्याला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. त्या लुईला तू मला खूश करायला जिंकवतोस? होयबाला मी मुलगी देत नसतो. ऊठ, हॅट घे!"

एकतीस वर्षांची मुकादमी एका क्षणात घामावाटे निघून गेली. आता काय? होयबा नको, तर नाहीबा!

"ठीक आहे!" क्लिओफस ओरडला. "अली! गुणांवर! लुईला तो सापडणारच नाही! ते पाय बघितलेत का? आमच्या केंटकीत तर शेंबडं पोरसुद्धा..."

इथे तो थांबला. थांबायला एक वाक्य उशीर झाला होता, एवढंच.

"केंटकी," म्हातारबा शांतपणे म्हणाले. ते उठले, बाह्या सरसावल्या. "टेबल भिंतीला लाव. हा गालिचा म्हणजे रिंग. मी लुई, तू अली. फार पायांचं कौतुक आहे ना, नाचव बघू! व्हर्डेल, पातेलं आण. मिनिटामिनिटाला वाजव."

"डॅडी, त्याचा गुडघा..."

"अलीला गुडघ्याचा त्रास नव्हता!"

ठण्ण! क्लिओफस नाचू लागला. म्हातारबा मधोमध सपाता घालून उभे. हा अख्ख्या गालिच्याला फेरी मारायचा, तर ते वीतभर सरकायचे आणि पुन्हा समोर! तिसऱ्या फेरीला क्लिओफसला धाप लागली. चौथीला टाय कानामागे गेला. पण पाचवीत, देव जाणे कसं, त्याला मजा वाटू लागली. बालपणी केंटकीच्या गल्लीत तो हेच तर करायचा!

"काय आजोबा, दमलात? या की, धरा मला!"

व्हर्डेलनं डोळे मिटून घेतले.

सहाव्या फेरीत म्हातारबांनी उजवा खांदा नुसता हलवला. क्लिओफस घाबरून मागे उडाला आणि पाठीनं भिंतीवर आपटला. खिळ्यावरून लुईचा फोटो सुटला! वर्तमानपत्रातला, बापानं कापून चौकटीत बसवलेला. क्लिओफसनं दोन्ही हातांनी तो वरच्या वर झेलला. एवढी पवित्र वस्तू वाचवली म्हणून त्यानं अभिमानानं मान वर केली, आणि एक्क्याण्णव वर्षांची डावी मूठ नेमकी त्याच्या नाकावर बसली.

क्लिओफस फोटोसकट खाली बसला आणि मग सावकाश आडवा झाला.

"एक!" म्हातारबा मोजू लागले. "दोन! तीन!"

त्यानं उठायचा प्रयत्न केला. नव्या गुडघ्यानं साफ नकार दिला. "सहा! सात!" संपलं. आठ, नऊ, दहा, आणि हॅट. व्हर्डेल हातची गेली. त्याला खरंच रडू आलं, नाकामुळे नव्हे.

"आठ!"

तेवढ्यात त्याच्या तोंडावर काहीतरी ओलं येऊन पडलं. भांडी पुसायचा टॉवेल.

मोजणं थांबलं. "टॉवेल कुणी टाकला?"

"मी," व्हर्डेल म्हणाली.

"लढत थांबवायला टॉवेल टाकायचा हक्क कुणाला असतो, ठाऊक आहे ना?"

"त्याच्या बाजूच्या माणसाला. तुम्हीच शिकवलंय, डॅडी." तिची मान ताठ होती.

म्हातारबा खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी आपली मूठ न्याहाळली. "अठ्ठावन्न वर्षं माझ्या बाजूला होतीस गं," ते हळूच म्हणाले, आणि डोळे पुसायला त्यांनी क्लिओफसच्या तोंडावरचाच टॉवेल उचलला. "ऊठ रे केंटकी. फोटो पडू दिला नाहीस. जूनमध्ये उरकून टाका. पण एक अट! चर्चमध्ये, सगळ्यांच्या देखत, आजचा निकाल तू स्वतः सांगायचा."

"हो सर!" क्लिओफस म्हणाला. काही माणसं ठोसा खाऊनसुद्धा शिकत नाहीत.

जून उजाडला. लग्न लागलं, आणि खच्चून भरलेल्या चर्चमध्ये नवरदेवानं घसा खाकरून घोषणा केली: "सहावी फेरी! लुईचा एकच ठोसा, अली आडवा!" डेट्रॉइटची बाजू बाकांवर उभी राहून नाचली. म्हातारबांनी दोन्ही मुठी वर केल्या.

पलीकडे पहिल्या बाकावर क्लिओफसची आई बसली होती. केंटकीहून खास आलेली, डोक्यावर जांभळी हॅट, हातात पांढरेशुभ्र हातमोजे. ती शांतपणे उठली, म्हातारबांकडे बघितलं आणि एकेक बोट ओढत हातमोजे काढू लागली.