अंधारातल्या सुनेचा फोटो

भर दुपारी पडदे ओढून, दाराखालच्या फटीत जुनी चादर कोंबून आणि खिडकीला गादी टेकवून दिवाणखान्यात अंधार केला होता. त्या अंधारात सासूबाई पिठाचे, साखरेचे आणि बिस्किटांचे रिकामे डबे पुढ्यात मांडून बसल्या होत्या आणि दोन लाकडी चमच्यांनी ते बडवत होत्या. समोर सोफ्याच्या आडोशाला एक डोळा मिटून सासरेबुवा पालथे पडले होते. त्यांच्या हातातल्या कॅमेऱ्याला हातभर लांबीची लेन्स होती.

“जोरात वाजव,” ते म्हणाले.

“डब्यांना पोचे पडतील.”

“पडू देत. कलेसाठी माणसं घरदार विकतात.”

“डबे माझे आहेत. तुम्ही तुमचं घरदार विका.”

तेवढ्यात दार ढकललं गेलं. चादरीमुळे ते अर्धंच उघडलं आणि त्या फटीतून शेजारीणबाईंचं डोकं आत आलं. त्यांनी मोबाईलचा टॉर्च आधी सासूबाईंवर मारला, मग जमिनीवरच्या सासरेबुवांवर.

“सगळं ठीक आहे ना हो? आवाज आला म्हणून...”

“अगदी ठीक,” सासूबाई चमचे न थांबवता म्हणाल्या. “ह्यांना सुनेचा फोटो काढायचाय.”

“हो का,” शेजारीणबाई म्हणाल्या, आणि घरात आजारी माणूस असावं तसं हळूच दार लोटून निघून गेल्या.

खरं तर त्यात विचित्र काहीच नव्हतं. सून एका बँडमध्ये ड्रम वाजवायची. लग्न ठरलं तेव्हा चिरंजीवांनी ही गोष्ट घरात जरा खालच्या आवाजातच सांगितली होती, आणि सासरेबुवा तिच्या पहिल्या कार्यक्रमाला कानात घालायला कापूस घेऊनच गेले होते. पण तो कापूस खिशातच राहिला. एवढीशी पोर, चार ढोलांच्या मागे बसलेली, आणि सगळं सभागृह तिच्या मनगटावर चालत होतं. गाणारा ताल सोडून भलतीकडे निघाला की ती त्याला न दुखावता परत वाटेवर आणायची, आणि लोक टाळ्या मात्र गाणाऱ्याला द्यायचे. सासरेबुवा त्या दिवशी घरी आले ते जिन्याच्या कठड्यावर बोटं वाजवतच. आपली सून म्हणजे एक चीज आहे हे त्यांचं मत तेव्हाच ठाम झालं, आणि पुढे ते वाढतच गेलं.

मात्र हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. सासरेबुवांनी सारी नोकरी इस्पितळाच्या एक्स-रे विभागात काढली होती. समोरच्याच्या आत काय दिसलं ते त्याला तोंडावर सांगायचं नाही, रिपोर्ट डॉक्टर देतील, ही तिथली शिस्त. ती अंगात इतकी मुरली होती की बायकोच्या नव्या साडीबद्दलसुद्धा ते मत द्यायचे नाहीत.

प्रश्न फोटोचा होता. बँडचे फोटो ढिगाने निघायचे. त्यांत गाणारा असायचा, गिटारवाला असायचा, पेटीसारखं इलेक्ट्रिक काहीतरी वाजवणारा असायचा, मोठी गिटार घेतलेला उंच मुलगाही असायचा. आणि मागे काळोख. फार निरखून पाहिलं तर त्या काळोखात एक कोपर सापडायचं. नातेवाईक विचारायचे, “सूनबाई बँडमध्ये नक्की काय करतात? तिकिटांचं बघतात का?” एकदा जेवताना सून हसत हसत म्हणाली, “बाबा, इतकी वर्षं वाजवतेय, पण मी वाजवते याचा पुरावा म्हणून एक फोटो नाही.” सगळे हसले. पण नंतर ताटं उचलताना ती जरा गप्प होती, आणि हे एकट्या सासरेबुवांच्या लक्षात आलं.

त्यांनी गाणाऱ्यालाच गाठून विचारलं. त्याला बँडमध्ये सगळे ‘हिरो’ म्हणायचे, आणि त्यालाही त्यात काही गैर वाटत नसे.

“काका, ड्रमरचा फोटो येतच नाही,” हिरो केसांतून हात फिरवत म्हणाला. “मागे लाईट नसतो, हात सारखे हलतात. टेक्निकल प्रॉब्लेम आहे तो. तुम्हाला नाही कळायचं.”

माणसाच्या पोटातलं गिळलेलं बटण काळ्या फिल्मवर दाखवणाऱ्या टेक्निशियनला हे ऐकून घ्यावं लागलं! मोठ्या सभागृहातला कार्यक्रम जवळ आला होता आणि त्यानंतर नवीन पोस्टर निघणार होतं. त्यावर सून दिसलीच पाहिजे, असा पण करून सासरेबुवा कॅमेरे भाड्याने देणाऱ्या दुकानात शिरले.

“कशाचे फोटो काढायचेत?” दुकानदाराने विचारलं.

“अंधारात वेगाने हलणारी...”

“वटवाघळं?”

“सून.”

दुकानदाराने अनेक तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिलेली होती. त्याने निमूटपणे दोन लेन्स काउंटरवर ठेवल्या. एक मुरंब्याच्या बरणीच्या झाकणाएवढी, बुटकी. दुसरी चांगली लांबलचक.

“ही बुटकी न्या. हिचं तोंड मोठं उघडतं, त्यामुळे कमी उजेडातसुद्धा पटकन फोटो निघतो. झूम नाही हिला. माणूस जवळ दिसायला हवा असेल तर आपणच चालत जवळ जायचं.”

“आणि ही मोठी?”

“ही लांबचं जवळ आणते, पण हिला उजेड भरपूर लागतो. अंधारात हिचं काही चालत नाही.”

सासरेबुवांनी दोन्ही हातांत धरून पाहिल्या. बुटकी घेऊन आपण सभागृहात गेलो तर कुणी ढुंकून बघणार नाही. लांब घेऊन गेलो तर माणसं आपणहून वाट सोडतील. शहाणपणाचा सल्ला ऐकून घेऊन नेमकं त्याच्या उलट वागायला जो आत्मविश्वास लागतो, तो त्यांच्याकडे मुबलक होता. लांब लेन्स घरी आली, आणि म्हणून सासूबाई डबे बडवत बसल्या होत्या.

पडदे उघडून दोघांनी फोटो पाहिले. पहिले बरेचसे नुसते काळे होते. मग सासरेबुवांनी कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची ताकद वाढवली होती, त्या फोटोंत सगळ्यावर वाळू ओतल्यासारखे दाणे आले होते. शेवटी त्यांनी कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवला होता. तिथे मात्र उजेड पुरेसा होता.

“ही कोण?” सासूबाईंनी विचारलं.

“तू.”

“मला इतके हात?”

“चमचे हलत होते ना. जेवढा वेळ डोळा उघडा, तेवढं सगळं उमटतं.”

सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “हा फ्रेम करून लावा. या घरात मी किती हातांनी राबते ते लोकांना कळू दे.”

सासरेबुवांनी लांब लेन्स परत केली आणि बुटकी आणली. दुकानदाराने ती बांधूनच ठेवली होती.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सासरेबुवा सभागृहात सगळ्यांच्या आधी हजर झाले. दारावरच्या बाईंनी त्यांचं तिपाई स्टँड काढून घेतलं, लोक अडखळतात म्हणून. मग फ्लॅश बंद ठेवण्याचं वचन घेतलं. पहिल्या रांगेत जाऊन बसावं तर तिथून सून हिरोच्या केसांमागे पूर्ण झाकली जात होती. सुनेने विनंती केली तेव्हा कुठे त्यांना रंगमंचाच्या कडेला, एका कपाटाएवढ्या स्पीकरशेजारी उभं राहण्याची परवानगी मिळाली.

“बाबा, इथे आवाज फार होईल हं,” ती म्हणाली.

“तू आपलं वाजव. मी आहे.”

पहिलं गाणं सुरू झालं आणि सासरेबुवांच्या पोटातलं जेवण तालावर नाचू लागलं. स्पीकर थरथरला की फळी थरथरायची, फळी थरथरली की सासरेबुवा, आणि सासरेबुवांबरोबर कॅमेरा. त्यांनी गुडघे घट्ट जुळवले, कोपरं बरगड्यांना चिकटवली, तरी फोटोत सुनेऐवजी धूर यायचा. गाण्यामागून गाणी संपत होती. सून तिकडे असं काही वाजवत होती की त्यांना वारंवार कॅमेरा खाली करून नुसतंच बघत राहावंसं वाटे, आणि दोनदा तर ते राहिलेच. मागच्या रांगांतले लोकसुद्धा खुर्च्यांतून पुढे सरकले होते. आणि दिवे अजूनही हिरोवरच होते.

तेव्हा सासरेबुवांना युक्ती सुचली. शेवटच्या गाण्यात एक जागा होती. सगळी वाद्यं एकदम थांबायची, सून दोन्ही काठ्या डोक्यावर उचलून क्षणभर तशीच धरायची, आणि मग असा काही आघात करायची की गाणं पुन्हा उसळून उठायचं. ती घरी रबराच्या गादीवर सराव करायची तेव्हा बाहेर पेपर वाचता वाचता ही जागा त्यांना पाठ झाली होती. त्या क्षणी स्पीकर गप्प, फळी स्थिर, सून स्थिर. कॅमेऱ्याचा डोळा खुशाल जास्त वेळ उघडा ठेवावा. काठ्या उंच धरलेली सून, लख्ख! त्यांनी तशी बटणं फिरवून ठेवली आणि या खेपेला कॅमेरा कडेच्या दगडी खांबाला घट्ट टेकवला.

शेवटचं गाणं आलं. जागा जवळ आली. वाद्यं थांबली, काठ्या वर गेल्या, सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली.

समोर माणूस स्थिर, खोलीत अंधार, बोट बटणावर. सासरेबुवांच्या देहाला हे सगळं फार ओळखीचं होतं. त्यांचं तोंड आपोआप उघडलं आणि शेजारच्या खोलीतल्या बहिऱ्या पेशंटलाही ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी हुकूम सोडला :

“श्वास घ्या! रोखा! अजिबात हलायचं नाही!”

पांढऱ्या कोटातल्या आवाजापुढे भल्याभल्यांचं काही चालत नाही. हिरोने गाल फुगवून श्वास रोखला. गिटारवाला हात हवेत ठेवून थिजला. पेटीवाला ताठ झाला. उंच मुलाने तर खांदे पुढे घेऊन छाती टेकवायला काहीतरी शोधलं. सभागृहातल्या लोकांनीही श्वास धरला.

फक्त या बोलण्यात वेळ गेला होता, आणि हुकूम पूर्ण झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही ही बोटाची सवय होती. ते दाबलं गेलं तेव्हा ती जागा संपली होती. घरात सासऱ्यांचा हुकूम कुणीच मानत नसल्यामुळे सुनेवर त्याचा परिणाम शून्य झाला. ती नेमक्या वेळेला, एक केसभरही इकडेतिकडे न होता, ड्रमवर कोसळली.

बाकीचे चौघे श्वास रोखून उभेच. ती एकटीच वाजवत राहिली. त्यांची वाट बघत गाणं अडलं असं तिने कुणाला वाटूसुद्धा दिलं नाही. तिने ते एकटीने उचललं, फिरवलं, चढवलं, लोकांना टाळ्यांचा ठेका धरायला लावला. सभागृह उभं राहिलं. सासरेबुवा खाली मान घालून, फोटो नीट आलाय की नाही ते बघत होते, कारण खात्री झाल्याशिवाय पेशंटला सोडायचं नाही. हिरो जांभळा पडायला लागला तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं.

“हं, सोडा!”

चौघांनी मिळून एकच निःश्वास टाकला आणि गाण्यात उडी मारली. छप्पर उडून जाईल असा गजर झाला. हे सगळं आधीच बसवलेलं होतं अशी लोकांची खात्रीच पटली.

रंगमंचामागच्या खोलीत सासरेबुवा कोपऱ्यातल्या स्टुलावर मान खाली घालून बसले होते.

“काका, तुम्ही म्हणजे कमाल केलीत,” हिरो म्हणाला. आवाजावरून तो रागावलाय की खूष आहे ते त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. “निदान फोटो तरी आला का?”

“नाही आला,” सासरेबुवांनी कॅमेरा सुनेपुढे धरला. “माझं चुकलं गं, पोरी. बाकीचे लख्ख आलेत, आणि तू पुन्हा...”

पाचही डोकी त्या छोट्या पडद्यावर वाकली. पुढे चौघे, गाल फुगवलेले, खांदे ताठ, शर्टाची बटणंसुद्धा मोजता येतील इतके स्वच्छ. त्यांच्या मागे, त्यांच्यामधून, सगळ्या काळोखाला भरून टाकत एक झंझावात. केस, मनगटं, काठ्या, काहीच एका जागी नाही. मधोमध फक्त एक हसू ओळखू येत होतं.

सुनेने कॅमेरा आपल्या हातात घेतला. “बाबा, हा पुसू नका,” ती म्हणाली. “यात तर मीच दिसतेय.”

“पोस्टरवर?” हिरो ओरडला. “अगं, सगळ्या फोटोत तू एकटीच वाजवतेयस! आम्ही चौघं काय करतोय इथे?”

सासरेबुवांनी चष्मा सारखा करून फोटो पुन्हा एकदा नीट पाहिला.

“ऐकताय,” ते म्हणाले. “ती वाजवत असताना आणखी काय करणार?”