पाटी खाटेची

अज्ञान हे सर्व रोगांचे मूळ आहे आणि त्यावर उतारा एकच, छापील पुस्तिका. आमच्या रुग्णालयाच्या नातेवाईक मार्गदर्शन समितीने हे वेळीच ओळखले आणि 'वैद्यकीय संक्षेप: अर्थ व आचरण' ही सोळा पानी पुस्तिका काढली. संपादक मीच. (प्रकाशनाला हार मिळाला. फोटो झाल्यावर परत घेतला.)

त्याआधी सगळा अंधार होता. कागदावर अक्षरे दिसली की नातेवाईक सिस्टरांना विचारत, "हे काय लिहिलंय हो?" शंभरातले ब्याण्णव विचारत, उरलेले आठ दोनदा विचारत. आता सगळ्यांना पाठ आहे. बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा. एस.ओ.एस. म्हणजे गरज पडली तरच (गरज पडली हे कोणी ठरवायचे, ते पान अकरावर, पान अकरा कोरे आहे). एन.ए.डी. म्हणजे काही आढळले नाही. काही झालेले नाही, असे कोणी म्हटलेले नाही. एल.के.झेड. वगैरे नेहमीचे संक्षेप तर येतातच. आणि एन.बी.एम. म्हणजे तोंडावाटे काहीही द्यायचे नाही, पाणीसुद्धा.

याच सुमारास आमचे दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, स्टुलावरून पडून पाय मोडून घेऊन दाखल झाले. सात नंबरची खाट मिळाली. खाटेला पाटी होती: एन.बी.एम.

वहिनी डबा घेऊन आल्या. मी पान चार उघडून दिले. त्यांनी वाचले, डब्याचे झाकण लावले आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, पुस्तक होतं. नाहीतर खाऊ घातलं असतं मी."

"अरे, माझा पाय मोडलाय, तोंड नाही," दादा म्हणाले.

रुग्णाचे मत पुस्तिकेत धरलेले नाही. तहान सलाईनवर भागत होती. भुकेचे म्हणाल, तर पहिल्या दिवशी ते चिडले, दुसऱ्या दिवशी शेजारच्याच्या बिस्किटाकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी वॉर्डबॉयपासून भेटायला आलेल्या आत्यापर्यंत अकरा जणांनी त्यांना एन.बी.एम.चा अर्थ सांगितला. एकानेही चुकीचा सांगितला नाही. संपादक म्हणून मला भरून आले. भाऊ म्हणून वाईट वाटत होते, नाही असे नाही. लहानपणी दादांनी स्वतःच्या ताटातले काढून मला वाढले आहे. पण नात्यासाठी नियम वाकवला, तर समितीने काय तोंड दाखवायचे?

त्या संध्याकाळी एक गृहस्थ विसरलेला चष्मा न्यायला आले. पाटी बघून म्हणाले, "अजून लटकतेय होय ही? माझ्या पोटाच्या ऑपरेशनसाठी लावली होती. मला घरी जाऊन चार दिवस झाले."

मी तडक हेडक्लार्ककडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावले की पाटी खाटेच्या नावावर असते, रुग्णाच्या नव्हे. ज्याने लावली त्याच्याच सहीने ती उतरते, आणि तो रजेवर आहे. मार्ग मात्र त्यांनीच काढला. पाटी हलत नसेल तर रुग्ण हलवावा. दादांना आठ नंबरवर नेले. तिथे ते तीन माणसांचे जेवले. मग माझ्याकडे बघून त्यांनी तोंड उघडले, एवढ्यात वहिनींनी खाटेची पाटी दाखवली: बोलण्यास सक्त मनाई. दादांनी तोंड मिटले. त्यामुळे तक्रार नोंदली गेली नाही, आणि पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघते आहे.

तुम्हाला दादांची कीव आली असेल. पाटी कोणाची, एवढे साधे कोणी कसे विचारले नाही, असेही वाटले असेल. वर मी एल.के.झेड. लिहिले आहे. त्याला काहीही अर्थ नाही. ओळ भरत नव्हती म्हणून मीच घातले. तुम्ही वाचलेत, मान डोलावलीत आणि पुढे गेलात.

सात नंबरची खाट सध्या रिकामी आहे. पाटी आहेच.