कुलकर्णी सरांनी मान टाकली

लग्नाच्या पंगतीत, शेजारी नवऱ्या मुलीची आत्या जेवायला बसलेली असताना, "ताई, तुमाला पिठ्या ढेकूण झालाय, आज सकाळीच बघितलं," असं मला मोठ्यानं सांगणारा माणूस सोलापुरात एकच आहे. शिवप्पा बिराजदार. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो.

आत्याबाईंनी आपलं ताट हळूच पलीकडे सरकवलं. पिठ्या ढेकूण ही झाडावरची पांढरी कीड असते, असं मी त्यांना समजावून सांगू लागले, तर अण्णांनी मलाच धीर दिला. "काळजी करू नका. साबणाचं पाणी मारलंय तुमच्यावर. दोन दिवसांत उभ्या ऱ्हाताल. हौदल्री?"

हौदल्री म्हणजे कानडीत 'खरं की नाही हो'. अण्णा मूळचे अक्कलकोटकडचे. त्यांचं प्रत्येक वाक्य या शब्दावर येऊन टेकतं आणि समोरच्याला मान डोलवावीच लागते. मीही डोलवली. त्यामुळे मला ढेकूण झालाय यावर शिक्कामोर्तब झालं.

भानगड अशी की अण्णा झाडांना झाडांच्या नावानं ओळखत नाहीत. ज्यानं रोप दिलं, त्याचं नाव त्या झाडाला. मी त्यांना जास्वंदीची फांदी दिली, म्हणून ती जास्वंद म्हणजे कांबळेताई. आमच्या बागप्रेमी मंडळाचे अध्यक्ष सय्यदभाई यांनी गुलाब दिला, म्हणून तो गुलाब सय्यदभाई. भवानी पेठेतल्या त्यांच्या गच्चीवर रंगाच्या जुन्या डब्यांत अशी साठ-सत्तर माणसं नांदतात. अण्णा चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. हाताला पत्र्याची सवय, म्हणून प्रत्येक डब्याला खिळ्यानं ठोकून नाव कोरलेली पत्र्याची पट्टी असते. नर्सरीतून विकत आणलेलं एकही रोप गच्चीवर नाही. "त्यात माणूस कुटं हाय?" असं ते विचारतात.

एकदा त्यांचा फोन माझ्या नवऱ्यानं उचलला. "कांबळेताईचा शेंडा खुडला म्हणून सांगा. लई उंच चालल्या होत्या." नवऱ्यानं फोन ठेवला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाला, "मला तीस वर्षांत जमलं नाही ते यांनी केलं." त्या दिवशी मी त्याला चहा दिला नाही.

मी मंडळाची चिटणीस असल्यामुळे या सगळ्याचा ताप मलाच. आमचं वर्ष जानेवारीत गड्ड्याची जत्रा उठली की सुरू होतं. आधी फुलांचं प्रदर्शन, मग उन्हाळ्यात हिरव्या जाळ्या बांधायची धावपळ, जुलैत रोपांची देवाणघेवाण, दिवाळीनंतर मोहोळकडच्या एखाद्या मळ्यावर हुरडा. मधल्या काळात नळाला पाणी कधी येणार, यावर अखंड चर्चा. ते चार-पाच दिवसांआड येतं, म्हणून आमचे सभासद भाजी धुतलेलं पाणीही औषधासारखं जपून वापरतात.

प्रदर्शनात प्रत्येक कुंडीला माहितीचं कार्ड लावायचं असतं. यंदा अण्णांनी गुलाबाला लावलं: "नाव: सय्यदभाई. वय: तीन वर्षे. काटे हायत, पण मन चांगलं." परीक्षक बाई बाहेरगावच्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की हे गृहस्थ ठीक आहेत ना. सय्यदभाईंनी मात्र ते कार्ड काढून घेतलं आणि आपल्या दुकानात काचेखाली ठेवलं.

अण्णांचा हा नाद एकाच माणसाला खपत नसे. कुलकर्णी सर. निवृत्त मुख्याध्यापक, सभा दोनची असली तर दोनच्या ठोक्याला येणारे आणि दुसऱ्याच्या पत्रातलं ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनानं सुधारणारे. कार्डावर शास्त्रीय नाव हवंच, असा त्यांचा आग्रह. सरांच्या अंगणात अनंताचं मोठं झाड आहे. आपल्या इकडच्या जड पाण्यात अनंत लाडावलेल्या जावयासारखा वागतो, पण सरांकडे तो शिस्तीत फुलतो. त्याचं एक रोप सरांनी कधीतरी अण्णांना दिलं होतं, आणि अर्थातच गच्चीवर त्याचं नाव होतं कुलकर्णी सर.

मे महिन्यात एका सकाळी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अण्णांचा निरोप आला.

"कळवायला वाईट वाटतं. कुलकर्णी सर गेले. काल सांजपर्यंत चांगले होते. आज मान टाकली. लई पाणी पाजलं, उपयोग झाला न्हाई."

खरं तर मला तरी कळायला हवं होतं. पण संक्रांतीच्या सुमारास छातीत दुखून सर आठ दिवस दवाखान्यात होते, त्यामुळे मला ते खरंच वाटलं. ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. सर मोबाईल फक्त बोलण्यापुरता वापरतात, ग्रुपवर ते नाहीतच. सय्यदभाई वाटेत हार घेऊन आले आणि आम्ही दहा-बारा जण चेहरे पाडून सरांच्या दारात पोचलो.

दार सरांनी उघडलं. बनियन घातलेलं, अर्ध्या गालाला साबण.

"सर, तुमे तो हैंच," सय्यदभाई म्हणाले.

सरांनी हाराकडे पाहिलं. "सत्कार कुणाचा आहे?"

सय्यदभाईंनी घाबरून तो हार सरांच्याच गळ्यात घातला, आणि सर क्षणभर खूशही दिसले. तेवढ्यात माढ्याहून त्यांच्या बहिणीचा फोन आला. तिला कुणीतरी कळवलं होतं आणि ती हुंदके देत होती. सरांनी तिला दोन वेळा सांगितलं की मीच बोलतोय. मग त्यांनी हार काढून खुंटीला लावला आणि आम्हाला अंगणातूनच परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे अर्ज आला. बिराजदार यांना सभासदत्वावरून कमी करावं. जुलैच्या सभेत निर्णय व्हावा, अन्यथा मी राजीनामा देतो. खाली सही, तारीख आणि दोन रेघा.

मला सरांचा राग आला, आणि अण्णांचाही आला. अण्णांची बायको चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा बेंगळुरूला, रविवारी फोन करतो. बाकी जे काय ते आमचं मंडळ. सभेच्या आधी तासभर येऊन सतरंजी अंथरायचे, खुर्च्या मांडायचे, सगळे गेल्यावर कप विसळायचे. अर्जाचं कळल्यावर ते मला म्हणाले, "ताई, काढलं तर सतरंजी घालायला तरी येऊ द्याल न्हवं?" मी काहीतरी खेकसले, कारण रडू आलं असतं.

त्यात जूनमध्ये सरांनी दुसरा अर्ज दिला. बिराजदार रोज सकाळी सहा वाजता माझ्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून माझ्यावर पाळत ठेवतात. मी दूध घेऊन परतलो की निघून जातात. हे मला खोटं वाटलं, म्हणून एक दिवस मी जाऊन पाहिलं. खरंच उभे होते. मला बघून त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि आज हवा बरी आहे म्हणाले.

जुलैची सभा सरांच्याच अंगणात होती. पाळी वर्षाच्या सुरुवातीला ठरली होती आणि ठरलेलं बदलणं सरांना मंजूर नव्हतं. अण्णा नेहमीसारखे तासभर आधी आले, ज्या माणसानं त्यांना काढायचा अर्ज दिला होता त्याच्याच अंगणात त्यांनी सतरंजी अंथरली, आणि सर खिडकीतून बघत राहिले.

रोपांची देवाणघेवाण झाली. मग मी दोन्ही अर्ज वाचले. सय्यदभाईंनी अण्णांना विचारलं की काही बोलायचंय का.

अण्णा उभे राहिले. "निरोप चुकलाच माझा. त्याबद्दल माफी मागतो. पन पाळत न्हाई ठेवली."

"मग रोज सकाळी माझ्या गल्लीत काय करता?" सरांनी विचारलं.

अण्णांनी बायकोचं नाव घेतलं. "आमच्या शांतव्वाची शेवंती होती. तिनं माहेरनं आनलेली. ती एकदम वाळली. मी म्हनलं, पाणी कमी पडलं आसंल. आठ दिवसांनी शांतव्वा गेली." त्यांनी टोपी काढून हातात धरली. "आन तुमी मान टाकली माझ्या गच्चीवर. आदीच तुमच्या छातीचं दुखनं. मला घास जाईना. कुनाला सांगनार? हसले असते समदे. म्हनून येत होतो बघायला. दूध घेऊन तुमी घरात गेला की मग मी घरी जाऊन च्या घेत होतो."

दोन महिने मी या माणसाच्या निरोपावर दहा ठिकाणी हसून आले होते, आणि मला माझीच लाज वाटली.

"वनस्पतिशास्त्रात याला काही आधार नाही," सर म्हणाले.

"नसंल," अण्णा म्हणाले. "मला भ्या वाटलं."

सर उठून आत गेले. मला वाटलं, रागावले. ते कात्री घेऊन बाहेर आले. अनंतापाशी जाऊन त्यांनी फांद्या चाचपून पाहिल्या, चांगली बोटाएवढी जाड एक निवडली, तिरकी कापली, खालची पानं काढली आणि टोक ओल्या फडक्यात गुंडाळलं. ही सगळी कृती त्यांनी शाळेत प्रात्यक्षिक दाखवावं तशी सावकाश केली. मग फांदी अण्णांच्या पुढे धरली.

"घ्या. अर्ध्या उन्हात ठेवा. आणि या खेपेला मला पाणी जरा बेतानं घाला. मागच्या वेळी तुम्ही मला बुडवून मारलंत."

अण्णांनी फांदी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"बेतानं घालतो," ते म्हणाले. "पन ही धरायला म्हैना लागंल, सर. तवर मी सकाळचं येतो."

सरांनी कात्री पुसली. "गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं नाही," ते म्हणाले. "सरळ आत यायचं. मी दूध आणतो, चहा इथंच घेऊ."