दास्लान मिस्त्रींनी नवा लेथ सोडून कन्येस यंत्रविद्येस धाडिले, त्याची हकीकत

जावा बेटाचे उत्तर किनारी तेगल म्हणोन शहर, तेथे घरोघरी लोखंड कापितात आणि कापिता कापिता चहा पितात. त्या शहरी राजमान्य राजश्री पाक (तिकडे वडीलधाऱ्यास पाक म्हणतात) दास्लान मिस्त्री, लेथबहाद्दर, यांचे घरी ईदेचे सुट्टीत जी थोर मसलत जाहली, तिचा मजकूर आळीत नाना प्रकारे बोलिला जातो. कोणी म्हणतात भांडण जाहले, कोणी म्हणतात वाटण्या जाहल्या. सबब खरे वर्तमान एके ठिकाणी असावे म्हणोन शेजारी राहणाराने, मधली भिंत पातळ व ठेंगणी असल्याकारणे जैसे पाहिले ऐकिले तैसे, पदरचे काही न घालता लिहून ठेविले असे.

मूळ कारण ऐसे जे, मिस्त्रींचे पदरी लेथ, म्हणजे लोखंड कातण्याचे यंत्र, एकच, तोही तीर्थरूपांचे अमदानीतला, सकाळी सुरू होताना खोकला काढी आणि दुपारी तापला म्हणजे रुसून बसे. नवा संगणकी लेथ, दुसऱ्याने वापरलेला का असेना, आणावा ऐसे मिस्त्रींचे मनी बहुत दिवस होते, आणि त्यासाठी त्यांनी सिगारेट सोडिली, मग मोटारसायकल विकिली, आणि पंधरा कोटी रुपियांचा खजिना उभा केला. कोटी ऐकोन वाचणाराने दचकू नये, त्या मुलखी चहाचा पेलाच पाच हजारांस पडतो. दलालाशी बोलणे पक्के जाहले, बयाणा देणे तेवढे राहिले, आणि मग कन्या वेनिंग हीस सेमारांगचे विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जागा मिळाल्याची खबर फोनवर येऊन थडकली. फी, खोलीचे भाडे आणि जेवणखाण मिळोन चार वर्षांचा खर्च काढिला, तो भरला नेमका पंधरा कोटी. खजिना एक आणि दावेदार दोन, ऐसा बिकट प्रसंग प्राप्त जाहला.

ते समयी मिस्त्रींची थोरली भगिनी, खासा तुरिनाह आत्या, जकार्ताहून ईदेस आली. आत्या म्हणजे दोन खाणावळींची धनीण. गावी तिने दुमजली घर बांधिले आहे, ते ईदेपुरतेच उघडते आणि वर्षभर आळीचे डोळे दिपविते. तिने ओसरीवर चटई टाकून मोर्चा धरिला, मातीचे किटलीतला चहा पुढे घेतला, आणि पहिला तोफगोळा टाकिला.

"पोरीची जात म्हणून नाही बोलत हो मी. पोरगा असता तरी हेच म्हटलं असतं. चार वर्षं पैसे ओतायचे आणि मग अर्ज घेऊन दारोदार हिंडायचं? त्यापेक्षा माझ्याकडे ये. उद्यापासून गल्ल्यावर बसवते."

मग आत्याने खडीसाखरेचा डबा चटईवर उपडा केला, आणि एक खडा म्हणजे एक कोटी ऐसे फर्मान काढून डिग्रीचे पंधरा खडे एका रांगेत उभे केले, आणि जमलेल्या भाचरांस खड्यांस हात न लावण्याची सक्त ताकीद दिली.

"आता सांग, नव्या इंजिनिअरला महिन्याला किती देतात?"

"पन्नास लाख," वेनिंग म्हणाली. "सुरुवातीला."

"म्हणजे अर्धा खडा! माझी एक खाणावळ महिन्याला दीड खडा देते. आणि अर्ध्या खड्यातून भाडं गेलं, फोन गेला, कपडे गेले, की मग चाटायला काय उरणार गं?"

या माऱ्याने कन्येचे सैन्य मागे हटले. मग तिने मातुल पक्षाकडून कुमक मागविली. मामा खैरुद्दीन हे स्वतः तीच डिग्री धारण करणारे, आणि हल्ली चौकात मार्तबाकची गाडी लावून अंड्याचे खमंग घावन विकणारे. ते गरम मार्तबाकचा नजराणा घेऊन दाखल होताच आत्याने त्यांस वाटेतच गाठिले.

"या, या इंजिनिअरसाहेब! आज किती अंडी फोडली?"

"ताई, तुमच्यासाठी दोन जास्त फोडली," मामा हसून म्हणाले आणि चटईवर बसले.

त्यांस साक्ष देण्याचा हुकूम जाहला. वेनिंग मोठ्या आशेने त्यांचे मुखाकडे पाहू लागली, आणि मामांनी खरे तेच सांगितले.

"कारखान्यात होतो तेव्हा पगार बरा होता. कारखाना बंद पडला, मी गाडी टाकली. आता जास्त सुटतात. डिग्री घेतली की पैसा येतोच, असं मी हिला सांगणार नाही. फसवल्यासारखं होईल."

"ऐकलंस दास्लान?"

"पण ताई, ती चार वर्षं मला कुणी परत दिली ना, तर मी पुन्हा तिथेच घालवीन. बंद पडलेलं यंत्र बघितलं की आजही माझा हात शिवशिवतो." ऐसे बोलता बोलता मामांनी भान हरपून रांगेतले तीन खडे उचलिले आणि आपले पेल्यात सोडिले.

"अरे मेल्या, फी प्यायलास की!" आत्या ओरडली, आणि उभय फौजा हसू लागल्या. मिस्त्री मात्र हसले नाहीत. त्यांनी कन्येस जवळ बोलाविले.

"वेनिंग, आत्या म्हणते त्यात खोटं काही नाही. मग तुला जायचंय कशाला?"

कन्येने पाय रोविला. "बाबा, आपण जहाजाचे भाग करतो. त्यांचं ड्रॉइंग कुठून येतं?"

"सुराबायाहून."

"ते काढणारा आपल्यापेक्षा किती जास्त घेतो, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही नवा लेथ आणलात तरी ड्रॉइंग दुसऱ्याचंच असणार. मला ते काढायचंय. पैसे पहिल्या वर्षी दिसणार नाहीत, पाचव्यातही कदाचित नाही. पण मला तेच करायचंय, बाबा."

मिस्त्री उठले आणि मागील कारखान्यात जाऊन जुने लेथास तेल घालीत बसले. ओसरीवर कोणी चहास हात लाविना. मग मिस्त्रींची पत्नी, रोखया बाई, जी सारा वेळ पाहुण्यांस वाढीत होती, ती कारखान्याचे दारी जाऊन उभी राहिली, आणि तिने घरातील अखेरचे फर्मान काढिले.

"ऐकलं का? मशीन पुढच्या वर्षीही मिळेल, अजून जुनं, अजून स्वस्त. पोरीची जागा पुढच्या वर्षी कुणी राखून ठेवणार आहे का?"

 मिस्त्री हात पुसत बाहेर आले ते कन्येचे डोईवर हात ठेवूनच बसले, आणि किल्ला कोणाकडे गेला ते सर्वांस कळले.

आत्या ही खरी जंगबहाद्दर, तिने हार पाहिली आणि तिथल्या तिथे तह मांडिला. "बरं, जा. पण माझी भाची तिकडे नूडल्स उकळून दिवस काढणार? तुरिनाहची? माझी अब्रू जाईल! टेंपेच्या तिखटगोड सोयावड्या, सुके मासे, सगळं बसने पाठवीन. आणि सुट्टीत माझ्या गल्ल्यावर बसायचं, सांगून ठेवते." ऐसे म्हणोन तिने जेवणखाणाचे चार खडे स्वहस्ते रांगेतून काढिले आणि वेनिंगचे पेल्यात टाकिले, त्यायोगे चहा पिण्याजोगा राहिला नाही, तरी वेनिंग तो शेवटपर्यंत प्याली.

मग मिस्त्रींनी दलालास फोन लाविला.

"ते मशीन दुसऱ्या कुणाला द्या हो."

"का? दुसरीकडे स्वस्त मिळालं?"

"स्वस्त कसलं. जवळजवळ तेवढंच पडतंय. आणि चालू व्हायला चार वर्षं लागणार."

"असलं कसलं मशीन घेतलंत, पाक?"

मिस्त्रींनी कन्येकडे पाहिले. "काय सांगू! माझ्यापेक्षा जास्त बोलतं."

येणेप्रमाणे तेगलची मसलत पार पडली. नफ्यातोट्याचा निकाल अद्याप लागला नाही, लागेल तेव्हा लागेल. तूर्त खजिना रिता होत चालला, नवा लेथ दुसऱ्याचे घरी गेला, कन्या सेमारांगास गेली, आणि मिस्त्री आळीतून छाती काढून हिंडतात. तरी यास फत्ते म्हणावी, आणि आळीत कोणी दुसरे काही बोलेल तर त्यास हा कागद दाखवावा. लिहिले ते खरे.