एका बोटाचा नमस्कार

"पॅडर लॅलीने मला बघून न बघितल्यासारखं केलं!" स्वयंपाकघरात शिरताशिरता फिन्टन गेराटी म्हणाला आणि त्याने गाडीची किल्ली टेबलावर आपटली.

"त्याला मोतीबिंदू झालाय," असम्प्टा म्हणाली. ती सोडा ब्रेडचं पीठ मळत होती, आणि असल्या बातमीसाठी मागे वळून बघायची तिला काही गरज वाटली नाही. "चहा घे."

"मोतीबिंदू असता तर खड्डा चुकवला नसता. खड्डा बरोब्बर चुकवला त्याने. आणि मलाही."

क्लूनाबेगच्या रस्त्यांवर एक रीत आहे. समोरून गाडी आली की स्टीअरिंगवरचं एक बोट वर करायचं. अख्खा हात हलवतात ते पर्यटक, आणि काहीच करत नाहीत ते डब्लिनवाले. गावच्या माणसाचं एकच बोट, आणि तेही जेमतेम उचलल्यासारखं. पण त्या एका बोटात 'बरा आहेस ना, गवत कापून झालं का, तुझ्या सासूचं कळलं, वाईट वाटलं' एवढं सगळं येतं. गाडी म्हणजे खर्चाचं आगर हे काय फिन्टनला ठाऊक नव्हतं? विमा आहे, रस्त्याचा कर आहे, टायर आहेत, आणि वर ती सरकारी तपासणी आहे, जिच्या आदल्या दिवशी पक्का नास्तिकसुद्धा बॉनेटवर पवित्र पाणी शिंपडतो. पण दूध डेअरीतून निवृत्त झाल्यापासून फिन्टन हे सगळं मुकाट्याने भरत आला होता तो त्या बोटासाठी. दुकानापर्यंत जाऊन यायचं, वाटेत आठ-दहा बोटं झेलायची, आठ-दहा परत करायची, की दिवस सार्थकी लागला.

आणि आता या बोटांवर पोरीचं घर अडलं होतं.

त्यांची लेक ओर्ला सिडनीला असते. नवरा आणि दोन पोरं घेऊन ती कायमची परत यायला निघाली होती. फिन्टनच्या खालच्या शेतात तिचं घर बांधायचं ठरलं होतं, परवानगीचा अर्ज काउन्टी कौन्सिलात, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत, गेला होता आणि त्याची नोटीस फाटकावर लागली होती. अशा घरावर कुणालाही हरकत घेता येते. शेजाऱ्याला घेता येते, चुलतभावाला घेता येते, अगदी परमुलखातल्या माणसालाही घेता येते. मुदत सोमवारी संध्याकाळपर्यंत होती. कुणी हरकत घेतली की अर्ज वर्षभर लोंबकळणार, आणि तोवर जावयाचं मन फिरणार. जावयाचं मन मुळात फिरायला टपलेलंच होतं.

"अगं, नुसता पॅडर नाही," फिन्टन येरझाऱ्या घालत म्हणाला. "काल पोस्टमन. परवा शाळेचे मास्तर. सगळे सरळ समोर बघत जातात, जसा काही मी रस्त्यावर नाहीच. माझं ऐक, यांनी हरकत घ्यायचं ठरवलंय. तोंड कसं दाखवणार मग?"

"तू ती मॅलकीची गाडी चालवतोयस. लोकांना काय स्वप्न पडतंय आत तू आहेस म्हणून?"

"एरवी पाहुण्यांची गाडी जाते तिलासुद्धा करतात की बोट! गाडी कुणाची का असेना, माणूस माणसाला करतो!"

हे मात्र खरं होतं. क्लूनाबेगमध्ये अनोळखी गाडीलाही बोट मिळतं. न जाणो, आत एखाद्याचा मेव्हणा असायचा.

गाडीचं झालं होतं असं. लेकीकडे तीन महिने राहून दोघं परत आली, तोवर फिन्टनची लाल गाडी गोठ्याशेजारी उभी राहून राहून गंजली होती. तपासणीत ती अशी नापास झाली की तपासणाऱ्या माणसाने फिन्टनच्या खांद्यावर हात ठेवला. फिन्टनने ती गुपचूप मॅलकी टूहीच्या गॅरेजात नेली. मॅलकी म्हणाला, "ब्रेकचा भाग मागवावा लागेल. तोवर ही रुपेरी घेऊन जा. गिऱ्हाइकाची आहे, पण तो गेलाय मेयोला बहिणीकडे. तुझ्या विम्यात बसेल, आणि कुणाला कळायचंही नाही."

"माझी नापास झाली हे कुणाला सांगू नकोस," फिन्टन म्हणाला.

"मी? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं कोण म्हणतं?" मॅलकी म्हणाला. त्याने खरोखरच कुणाला सांगितलं नाही. सगळा घोटाळा तिथेच झाला.

लोकलज्जेपायी फिन्टन ती रुपेरी गाडी चर्चच्या मागे लावायचा आणि दुकानात पायी जायचा. रस्त्यावर काचेत आभाळ एवढं दिसायचं की आत फिन्टन आहे की बिशप, हे देवालाच ठाऊक.

गुरुवारी पॅडर पुन्हा ट्रॅक्टर घेऊन समोरून आला. या वेळी फिन्टनने ठरवलं होतं, सोडायचं नाही. त्याने लांबूनच बोट वर केलं. मग दोन बोटं केली. मग अख्खा हात खिडकीबाहेर काढून पर्यटकासारखा हलवला. तरी पॅडरची मान हलेना, तेव्हा त्याने दिव्यांची उघडझाप केली. आता क्लूनाबेगमध्ये दिव्यांच्या उघडझापीचा अर्थ एकच: 'जपून, पुढे पोलीस वेग मोजत बसलाय.' पॅडरने करकचून ब्रेक दाबला आणि ट्रॅक्टर गोगलगायीच्या चालीने पुढे सरकवायला लागला. त्याच्यामागे गाड्यांची रांग लागली, आणि ती अख्खी रांग फिन्टनच्या शेजारून सरकत गेली. एकानेही बोट केलं नाही. एका म्हातारीने तर चक्क तोंड फिरवलं. पुढे पोलीस तर सोडाच, साधं मेंढरूही नव्हतं. आपल्याला मुद्दाम मामा बनवलं एवढंच पॅडरला कळलं, आणि ते तो दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटला.

शनिवारी फिन्टन पेपर आणायला नोरीनच्या दुकानात गेला. नोरीन काउंटरमागे बसून अख्खं गाव हाकते. तिने त्याला बघितलं आणि तोंडभर हसली.

"ये रे फिन्टन! काल कसा झोकात निघाला होतास गॉलवेच्या रस्त्याला! मी बोट केलं, तर तूही कसं ऐटीत केलंस, राजासारखं!"

फिन्टन जागच्या जागी थिजला. काल तो घराबाहेर पडलाच नव्हता. दिवसभर खिडकीत बसून फाटकावरच्या नोटिशीकडे बघत होता.

"मला बोट केलंस? काल?"

"मग काय तुझ्या भुताला? केलं की! पॅडरनेही केलं. मागून मास्तरांनी केलं. सगळ्यांनी केलं."

तोंडावर इतकं धडधडीत खोटं! न बोलणं एक वेळ चाललं असतं, पण वर हे गोड बोलणं? फिन्टनच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नोरीन, तुझ्या जिभेला हाड नाही हे मला माहीत होतं. पण तुला देवाचीही भीती नाही हे आज कळलं."

"काय?"

"रस्त्यात मेल्यासारखी तोंडं करता आणि दुकानात साखर पेरता? सगळं कळतंय मला. पोरीचं घर होऊ द्यायचं नाहीये ना तुम्हाला? तर तोंडावर सांगा! आणि उद्यापासून माझा पेपर ठेवू नकोस. मी लॉकरेहून आणीन."

वीस वर्षं त्याच्या नावाचा पेपर काउंटरखाली ठेवणाऱ्या नोरीनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पोरीच्या घराचं माझ्या डोक्यातही नव्हतं, फिन्टन गेराटी! पण आता आलंय हं. कौन्सिलचा रस्ता मलाही माहीत आहे!"

घरी येऊन त्याने सांगितलं तेव्हा असम्प्टाने कपाळावर हात मारला. "म्हणजे आतापर्यंत कुणी हरकत घेणार नव्हतं, ते तू स्वतः जाऊन आवतण देऊन आलास!"

"ती खोटं बोलली!"

"उद्या चर्चच्या अंगणात जाऊन तिची माफी माग. सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी गाड्यांच्या आशीर्वादाचा रविवार होता. वर्षातून एकदा, मिस्साची प्रार्थना झाल्यावर, क्लूनाबेगच्या सगळ्या गाड्या चर्चच्या अंगणात रांगेने उभ्या राहतात आणि फादर टिअरनन एकेकीवर पवित्र पाणी शिंपडत जातात. विम्याचे हप्ते कितीही वाढले तरी हा विमा फुकट मिळतो, म्हणून मिस्साला न येणारेही या दिवशी गाडी धुऊन येतात.

फिन्टन रात्रभर तळमळला होता. माफी मागायला त्याचं मन घेत नव्हतं, आणि न मागावी तर ओर्लाचं घर जात होतं. रुपेरी गाडी अंगणात वळली, तशी सगळ्यांच्या चेहऱ्यावर आंबट ढेकर आल्यासारखं झालं. पॅडर तर मुठी वळून पुढे निघाला. "आला बघा, दिवे मारणारा!"

"बघ, बघ आता!" फिन्टन असम्प्टाला कुजबुजला. "आता मोतीबिंदू?"

एवढ्यात मागून दुसरी एक गाडी आत आली. लाल, लखलखीत धुतलेली, आरशाला असम्प्टाचीच जपमाळ लटकवलेली. आणि अंगणातली सगळी माणसं, पॅडर, मास्तर, पोस्टमन, एवढंच काय पण कालचा राग मनात असलेली नोरीनसुद्धा, आपसूक एकेक बोट वर करून मोकळी झाली.

"माझी गाडी!" फिन्टन दार उघडून धावला. "अरे, ही माझी गाडी आहे! चोर! धरा त्याला!"

लाल गाडीचं दार उघडलं आणि त्यातून कॉर्नी हॅनिफी उतरला.

अंगणातली वर झालेली बोटं झटकन खाली आली. तीस वर्षं क्लूनाबेगने ज्याला बोट केलं नव्हतं तो हा कॉर्नी. गावात कुणी काही बांधायला काढलं की कॉर्नीची हरकत ठरलेली. पॅडरच्या गोठ्याला त्याने हरकत घेतली, सभागृहाच्या पत्र्याला घेतली, शाळेच्या संडासालाही घेतली. हिवाळ्यात त्याने रुपेरी गाडी घेतली, तेव्हा दोन दिवसांत अख्ख्या गावाला तिचा नंबर पाठ झाला, चुकून बोट जायला नको म्हणून. फक्त फिन्टन आणि असम्प्टा तेव्हा सिडनीत होते.

"तू माझ्या गाडीत?" कॉर्नी म्हणाला.

"तू माझ्या गाडीत?" फिन्टन म्हणाला.

मॅलकी टूही हळूच थडग्यांच्या दिशेने सरकत होता. पॅडरने त्याला कॉलर धरून आणला.

"मी काय करू?" मॅलकी रडकुंडीला आला. "हा कॉर्नी बहिणीशी भांडून बुधवारीच परत आला आणि गाडी मागायला लागला. ती तर फिन्टनकडे. फिन्टनची तयार झाली होती, म्हटलं ती देऊन वेळ मारून न्यावी. याला सांगितलं फिन्टन अजून ऑस्ट्रेलियात आहे, आणि फिन्टनला सांगितलं भाग अजून आला नाही. सोमवारी सगळं जागच्या जागी करणार होतो, आईची शपथ!"

"म्हणजे शुक्रवारी मी बोट केलं ते..." नोरीनने आपल्या बोटाकडे असं पाहिलं, जणू ते गटारात पडलं होतं.

"मला केलंत," कॉर्नी म्हणाला.

"अरे, पण ते फिन्टनसाठी होतं!"

"ठाऊक आहे. मी काय खुळा आहे? पण काचेच्या या बाजूला मी होतो ना." कॉर्नीने टोपी काढली आणि उगाच हातात फिरवली. "पहिल्या दिवशी वाटलं, माझ्यामागून कुणीतरी येतंय. मागे बघितलं, तर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीही करून बघितलं. बोट आखडलं होतं, पण जमलं. मग काम नसताना चकरा मारायला लागलो. पेट्रोल किती जाळलं ते विचारू नका."

फादर टिअरननच्या हातातल्या पाण्याचे थेंब फरशीवर टपटपत राहिले.

"आणि शुक्रवारी गॉलवेला कशाला गेला होतास?" असम्प्टाने विचारलं. बाईमाणसाला नको तिथे नेमका प्रश्न सुचतो.

"कौन्सिलात. तुमच्या पोरीच्या घरावर हरकत द्यायला."

फिन्टनच्या पायाखालची वाळू सरकली. "माझ्याच गाडीतून?"

"तुझ्याच. पण वाटेत या नोरीनने बोट केलं, पॅडरने केलं, मास्तरांनी केलं. कौन्सिलच्या दारात गाडी लावली, आणि उतरायचं मनच होईना. इतक्या लोकांनी विचारपूस केल्यावर माणूस हरकत कशी घेणार? तसाच परत फिरलो. हरकतीची फी वाचली ती वेगळीच."

असम्प्टाने पदर नव्हता म्हणून रुमाल डोळ्यांना लावला. फिन्टनने नोरीनचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चुकलं माझं, बाई. पेपर ठेव माझा." नोरीन म्हणाली, "ठेवलाय. आजचाही ठेवलाय, मेल्या." सगळं कसं गोड झालं, आणि फादरनी पाण्याचा कुंचला उचलला.

"एक मिनिट, फादर," कॉर्नी म्हणाला. "पाणी टाकायच्या आधी गाडी कुणाची ते ठरू दे. फिन्टन, माझी रुपेरी तुझ्या गाडीपेक्षा नवी आहे. ती घे आणि ही लाल मला दे. अदलाबदल. तुझा फायदाच आहे."

"आणि नाही दिली तर?"

"तर काही नाही." कॉर्नीने टोपी घातली. "पण कौन्सिल उद्या संध्याकाळपर्यंत उघडं असतं. आणि रुपेरीतून जाताना मला वाटेत कुणी बोट करत नाही."

फिन्टनने असम्प्टाकडे पाहिलं. असम्प्टाने आरशाची जपमाळ सोडून घेतली आणि म्हणाली, "दे."

सोमवारी कौन्सिल बंद व्हायची वेळ टळून गेली. मग फिन्टन गाडी काढून मुद्दाम एक चक्कर मारून आला. आता अख्ख्या गावाला ठाऊक होतं की रुपेरीत फिन्टन आहे आणि लालमध्ये कॉर्नी. पण बातमी डोक्यात शिरते लवकर, बोटापर्यंत पोचायला तिला वेळ लागतो.

तो परतला तेव्हा असम्प्टा सिडनीला फोन करायला बसली होती. "मुदत संपली?"

"संपली. नाही गेला तो कौन्सिलात. रस्त्यातच भेटला, आपल्या लालमधून."

"मग? बोट केलंस?"

"मी केलं."

"आणि त्याने?"

फिन्टनने किल्ली खुंटीला लावली.

"त्याने तोंड फिरवलं. वर काच खाली करून म्हणतो, त्या रुपेरी गाडीला कोण बोट करतं?"