भुसारीकाकांचं बॉस्टन

भुसारीकाका बेसबॉलचा सामना टीव्हीचा आवाज बंद करून बघतात आणि कॉमेंट्री स्वतः करतात. वऱ्हाडीत. "हा आला बॉस्टनचा भैताड. बॅट घेऊन असा उभा राहिला जसा दूधवाल्याची वाट पाहून राहिला. टाक बे, टाक. गेला." खोलीत कोणी नसलं तरी हे चालतं. लग्नानंतर पहिली काही वर्षं आपल्याला वाटायचं की घरात पाहुणे आलेत, असं मालतीकाकू सांगतात.

आम्ही कॅनडात, टोरोंटोजवळच्या वॉनमध्ये, बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात एकाच खोलीत बसतो. काका क्वालिटीचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. दिवसभर झाकणं बंद करायची, उघडायची आणि ती किती जोराने उघडली ते बघायचं. पासष्टी आली तरी काका निवृत्तीचं नाव काढत नाहीत. घरी बसून करू काय, असं विचारतात. बेसबॉल बघा म्हटलं तर चिडतात. "त्यात काय राहिलं आता? न्यूयॉर्क-बॉस्टन संपलं, जगताप. मीठ गेलं त्यातलं."

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. न्यूयॉर्क आणि बॉस्टन या दोन शहरांच्या संघांचं शंभर वर्षांचं वैर आहे. आम्ही राहतो टोरोंटोच्या बाजूला. टोरोंटोचा स्वतःचा संघ आहे, आणि कारखान्यातला बहुतेक प्रत्येकजण त्याच्या मागे वेडा आहे. काकांच्या लेखी मात्र टोरोंटो म्हणजे शेजाऱ्यांचं पोरगं. त्याचं बरं व्हावं, पण त्याच्यासाठी उपास कोण धरणार? काका न्यूयॉर्कचे. त्या शहरात ते आयुष्यात एकदाच गेले होते, सहा तासांसाठी, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नव्हतं.

दर सोमवारी डबा खाताना त्यांची तक्रार सुरू व्हायची. पूर्वी बॉल बरगडीत बसला की दोन्हीकडचे बाकावरचे सगळे हाणामारीला मैदानात उतरायचे. आता समोरचा खेळाडू पहिल्या बेसवर पोचला की हे त्याला बायकोची तब्येत विचारतात. मिठ्या मारतात. आज बॉस्टनचा म्हणून ज्याला शिव्या घातल्या तो पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या कपड्यांत हसत उभा. सामनेही कमी केले, आणि बॉल टाकायला घड्याळ लावलं. "भांडायचं तर नीट भांडा ना. हे काय हळदीकुंकू आहे?"

पण हे म्हणायचा हक्क फक्त त्यांना. आमचा फोरमन टोनी, मूळचा इटालियन, एकदा सहज म्हणाला की त्या जुन्या वैराचं आता कोणाला काही पडलेलं नाही. काकांनी डबा झाकला आणि त्याला वीस मिनिटं ऐकवलं. पुढचा आठवडाभर टोनीच्या मशीनवरच्या झाकणांची दोन-दोनदा तपासणी झाली.

मी हे सगळं गमतीत घेत होतो. एका रविवारी त्यांच्या घरी गेलो तेव्हा जरा वेगळं दिसलं. सामना सुरू झाला आणि काकांचा फोन वाजला. काकांनी नमस्कार-चमत्कार न करता फोन टीपॉयवर ठेवला आणि स्पीकर लावला. पलीकडे बॉस्टनहून त्यांचे थोरले भाऊ सुधाकर. पुढचे अडीच तास दोघे एकमेकांच्या संघांची अक्कल काढत होते. शेवटचा गडी बाद झाला आणि फोन बंद. अच्छा नाही, कसा आहेस नाही, मुलं काय करतात नाही. मी काकूंना स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या की तीसहून जास्त वर्षं हे असंच आहे. काकूंचं ऑपरेशन झालं तेही सुधाकररावांना कोणा तिसऱ्याकडून कळलं होतं. "त्यांचं तेवढंच बोलणं आहे," काकू म्हणाल्या. "तू त्यात हात घालू नको."

मी घातला नाही. पण गेल्या उन्हाळ्यात काका माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि लांबची गाडी चालवायची मनाई होती. बॉस्टनला न्यायचं का, असं त्यांनी विचारलं. सुधाकरने न्यूयॉर्क-बॉस्टन सामन्याची तीन तिकिटं पाठवली होती. इतक्या वर्षांत कधी पाठवली नव्हती. काकूंनी येणार नाही म्हणून सांगितलं आणि आम्हाला दोन दिवसांचे पराठे बांधून दिले.

नऊ तासांच्या रस्त्यात काकांनी भावाला ऐकवायच्या शिव्यांची तयारी केली. काही माझ्यावर करून पाहिल्या. सीमेवर अधिकाऱ्याने येण्याचं कारण विचारलं. मला वाटलं आता हा माणूस बेसबॉलवर सुरू होतो. काका फक्त "ब्रदर" म्हणाले. सुधाकररावांचं घर मैदानापासून वीस मिनिटांवर होतं. आम्ही मोटेलात उतरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदानाच्या दाराशी सुधाकरराव भेटले. जुलैचं ऊन होतं आणि त्यांनी जाड जॅकेट घातलं होतं. गालफडं बसलेली, कॉलरमध्ये मान सैल. काकांनी त्यांच्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं.

"जॅकेट काहून घातलं बे? तुमची टीम पाहून थंडी वाजून राहिली काय?"

सुधाकरराव नुसते हसले. काकांनी थोडं थांबून आणखी एक टोमणा मारला. त्यालाही ते हसले.

तिसऱ्या डावात न्यूयॉर्कच्या एका पोराने बॉल हाणला तो डावीकडच्या त्या उंच हिरव्या भिंतीवरून पार बाहेर. भोवतीचे बॉस्टनवाले कपाळाला हात लावून बसले. सुधाकरराव मात्र समोरच्या खुर्चीला धरून हळूहळू उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. "चांगला मारला रे, पब्या," ते काकांकडे वळून म्हणाले. "कोणी का जिंकेना आता."

काकांचा चेहरा असा झाला की जणू भावाने त्यांना सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. वॉशरूमला जातो म्हणून ते उठले आणि पुढचे तीन डाव परत आले नाहीत.

त्या वेळात सुधाकररावांनी मला सांगितलं. पोटात गाठ होती आणि ती पसरली होती. डॉक्टर दिवाळीपर्यंत म्हणत होते. पब्याला इतक्यात सांगू नका, अशी त्यांनी विनंती केली. त्याला सीझन पुरा पाहू दे. मी म्हटलं की हे तुम्ही स्वतः सांगायला हवं. ते मैदानाकडे बघत राहिले. "पूर्वी एकदा त्याच्यापासून लपवलं होतं मी," ते म्हणाले. "तेव्हापासून त्याला काही सांगायची हिंमत होत नाही."

मी ते रात्रभर पोटात ठेवलं. रविवारी सकाळी परत निघालो, दोन तास गाडी चालवली, आणि मग मला पुढे रेटेना. मी जे ऐकलं होतं ते काकांना सांगितलं.

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "तुला सांगितलं. मला नाही."

थोड्या वेळाने ते आपणहून बोलू लागले, आणि त्या माणसाच्या तोंडून इतकं लांबलचक, बेसबॉल सोडून दुसरं काही, मी प्रथमच ऐकत होतो.

काका कॅनडात नवीन आले होते तेव्हाची गोष्ट. टोरोंटोच्या स्कारबरोत कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये राहायचे. इमिग्रेशनच्या मुलाखतीची तारीख पंधरा दिवसांवर आली होती. त्या मुलाखतीआधी देश सोडला असता तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. करमणूक म्हणजे एक रेडिओ, ज्यावर संध्याकाळनंतर न्यूयॉर्कचं स्टेशन लागायचं. म्हणून ते न्यूयॉर्कचे झाले. बॉस्टनला नोकरी करणारा सुध्या अर्थातच बॉस्टनचा. सामना असला की सुध्या फोन करायचा, पण लांबचा फोन महाग, दोन डाव झाले की ठेवून द्यायचा. त्या दिवशी त्याने ठेवला नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलत राहिला. बॉस्टन सपाटून हरलं आणि सुध्याने इतक्या शिव्या घातल्या की काका गादीवर लोळून हसत होते.

सामना सुरू व्हायच्या थोडं आधी सुधाकररावांना नागपूरहून तार नव्हे, फोनच आला होता. तिकडे पहाट होती. वडील गेले होते.

दोघांपैकी एकही मुलगा खांदा द्यायला नव्हता. मे महिना, थांबण्यासारखं नव्हतं, चुलतभावाने अग्नी दिला. सुधाकरराव दुसऱ्या दिवशी एकटे निघाले, आणि जाताना सगळ्यांना बजावून गेले की पब्याला मुलाखत होईपर्यंत कळता कामा नये. मुलाखत चांगली झाली. काकांनी आनंदाने घरी फोन लावला, वडिलांना सांगायला. तेरावा होऊन गेला होता.

"तीन तास हसलो मी, जगताप," काका म्हणाले. "बाप मेला होता अन् मी हसून राहिलो होतो. त्यानं मला हसू दिलं."

मी म्हटलं, त्यांनी तुमच्यासाठीच केलं असेल ना.

"मला माहीत नाही काय? तेव्हापासून माहीत आहे. माहीत असून काय होते?"

त्या वर्षी त्यांनी भावाशी बोलणं टाकलं. पुढच्या एप्रिलमध्ये सीझनच्या पहिल्या न्यूयॉर्क-बॉस्टन सामन्याला फोन वाजला. सुध्या एवढंच म्हणाला की तुमचा शॉर्टस्टॉपच्या जागेवरचा पोट्टा आंधळा आहे. काकांनी त्याला चार शिव्या दिल्या. तेव्हापासून जे काही बोलणं होतं ते तेवढंच होतं.

परदेशात आलेल्या जवळपास प्रत्येकाकडे अशी एक उशिरा कळलेली बातमी असते. माझ्याकडेही आहे. आपल्याला ती कोणी का सांगितली नाही याची कारणं नेहमी चांगलीच निघतात, आणि म्हणूनच तिचा राग कुठे काढता येत नाही. हे मी तेव्हा काकांना म्हणालो नाही. पुढे एक रेस्ट एरिया दिसला तिथे त्यांनी गाडी घ्यायला लावली.

मी कॉफी घेऊन आलो तेव्हा ते बाहेरच्या बाकावर बसले होते. फोन स्पीकरवर होता.

"काल सातव्या डावात तुमचा पिचर थकला होता. आंधळ्याला दिसलं असतं. काढला काहून नाही?"

पलीकडून सुधाकररावांचा आवाज आला, बारीक. ते म्हणाले, असेल बाबा, चुकलंच.

"चुकलंच म्हणू नको," काका म्हणाले. "सांग, काहून नाही काढला?"

मग सुधाकररावांनी सांगायला सुरुवात केली. पिचर थकला नव्हता. उलट तुमच्याच पोट्ट्यांना त्याचा बॉल दिसत नव्हता. बोलता बोलता त्यांना खोकला आला, काका थांबले, खोकला संपल्यावर पुन्हा तुटून पडले. अर्धा तास हे चाललं. आजाराचा शब्द निघाला नाही. काकांचा मोकळा हात बाकाच्या फळीचा सुटलेला रंग नखाने काढत होता, आणि फोन बंद केला तेव्हा त्यांच्या मांडीवर हिरव्या कपच्यांचा ढीग झाला होता. तो त्यांनी झटकला आणि चल म्हणाले.

त्यानंतर न्यूयॉर्क-बॉस्टनचा सामना असो की नसो, फोन रोज होऊ लागला. सामना नसला की जुने सामने काढून भांडायचे. कोणत्या तरी तीस वर्षांपूर्वीच्या निर्णयावरून काकांनी एकदा लंच टाइम संपून गेला तरी फोन ठेवला नाही. आपला आजार काकांना कळलाय हे भावाला कळलं होतं का, मला ठाऊक नाही. काकूंना वाटतं, पहिल्याच दिवशी कळलं असणार.

ऑक्टोबरमध्ये फोन आला तेव्हा काकांच्या हातात झाकण होतं. पुतण्याचा फोन होता. सुधाकरराव जाऊन पंधरा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, पुतण्या म्हणाला, की पहिला फोन काकाला करायचा, आईच्याही आधी, मग तो कुठेही असो. काका हो म्हणाले. निघतो म्हणाले. मग हातातलं झाकण त्यांनी तपासून पूर्ण केलं आणि कोट घातला.

अंत्यविधीहून परत आल्यावर ते एकच वाक्य बोलले. "तिथं बटण दाबायचं असते," ते म्हणाले. "पोरानं अन् मी मिळून दाबलं."

या एप्रिलमध्ये नवा सीझन सुरू झाला. टोनीने, भल्या माणसाने, आठवणीने सांगितलं की या शनिवारी न्यूयॉर्क-बॉस्टन आहे. काकांनी मान हलवली. सोमवारी त्यांनी सामन्याबद्दल काहीच काढलं नाही. मी रविवारभर बसून वाचलं होतं, खेळाडूंची नावं पाठ केली होती. डबा उघडल्यावर मी म्हटलं की यंदा बॉस्टनच जिंकणार, न्यूयॉर्कची बॉलिंग पार संपलेली आहे, आणि त्यांच्या कोचला कशातलं काही कळत नाही.

बेसबॉलमधल्या पिचिंगला मी क्रिकेटसारखं बॉलिंग म्हणालो होतो. एरवी एवढ्यावर महिना काढला असता त्यांनी.

काकांनी माझं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, आणि अगदी मायेने म्हणाले, "बरोबर आहे तुझं."