घड्याळासारखा चालणारा लोडर

गुरुवारी सकाळी मॅलाकी गिलहूलीचा माती उचलायचा लोडर घराच्या वाटेच्या तोंडाशीच बंद पडला. वाट ती एकच, आणि शनिवारी तिच्यावरून त्याच्या मुलीची, ऑर्लाची, लग्नाची गाडी चर्चकडे जायची होती. म्हणून तर मॅलाकी वाटेतले खड्डे बुजवत होता. ज्या लोखंडी चेनवर तो चालायचा, तिचं पुढचं चाक दुभंगलं, चेन उतरली आणि साठ वर्षांचं ते बारा टनी धूड दोन दगडी भिंतींच्या मध्ये बसून राहिलं.

"ट्रॅक्टरने ओढ की," बायको ब्रीज म्हणाली.

"ओढला. बांधलेली साखळीच तुटली."

"मग ऑर्लाने काय भिंतीवरून उडी मारायची?"

असली चाकं बनवणं कंपनीने मॅलाकीच्या लग्नाआधीच बंद केलं होतं. त्याने भंगारवाल्यांना फोन लावले. पाचवा म्हणाला, "डोंगरापलीकडे फेस्टस मॅकगॉल्ड्रिककडे बघ. त्याच्या शेतात तसलाच लोडर झुडपांत पडलाय."

आमच्या लिट्रिम परगण्यात मुलांना पाढ्यांच्या आधी एक नियम शिकवतात: जी वस्तू विकत हवी, तिच्याकडे बघायचं नाही. मॅलाकीने तो इमानाने पाळला. दुपारी तो भिंत ओलांडून, शेजाऱ्याची गाडी घेऊन फेस्टसकडे गेला, आणि त्याच्या स्वयंपाकघरात तासभर पाऊस, मेंढ्या आणि फेस्टसचा डावा गुडघा यांवर बोलला. चहाचा तिसरा कप हातात आल्यावर त्याने खिडकीबाहेर मान वळवली.

"ते झुडपांत काय आहे हो?"

"लोडर."

"असं होय! माझ्याकडेही आहे तसला."

"चालतो?"

"घड्याळासारखा. आपलं सहज, एखादं पुढचं चाक असलं, तर घेऊन ठेवावं म्हटलं."

"चाक आहे. सकाळीच काढून ठेवलंय," फेस्टस म्हणाला. "पण तुम्हाला नाही मिळायचं. भंगारवाल्याचा फोन आला होता. पलीकडे कुणा बिचाऱ्याचा लोडर वाटेत अडकलाय, परवा पोरीचं लग्न. त्याला नेऊन देणार. फुकट. अशा माणसाकडून काय घ्यायचं?"

मॅलाकीचा कप ओठांशीच थांबला. खरं बोलावं, तर तासाभराचं सोंग उघडं पडणार.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "गरजवंताला आधी."

आणि तो गाडी पिटाळत घरी आला. अर्ध्या तासात फेस्टसची गाडीही वाटेच्या तोंडाशी थांबली. मॅलाकी भिंतीआड वाकला होता. ब्रीजने त्याला कोपराने पुढे ढकललं. "ते शंभर किलोचं चाक काय मी उचलू?"

फेस्टसने लोडरकडे पाहिलं. मग मॅलाकीकडे.

"तुम्ही इथे?"

"मदतीला आलोय. शेजारधर्म."

"मालक कुठाय?"

"तो... जरा बाहेर गेलाय."

फेस्टसने मान डोलावली आणि बाह्या सरसावल्या. सहा वाजेपर्यंत चाक बसलं, चेन चढली. लोडर दोनदा खोकला आणि वाटेतून बाजूला झाला. तेवढ्यात घरातून ऑर्लाची हाक आली, "बाबा, झाला का हो आपला लोडर?"

मॅलाकी बुटांच्या नाड्या बघू लागला. फेस्टस शांतपणे हात पुसत होता.

"मालकाला सांगा, एक पैसा द्यायचा नाही. लग्न नीट होऊ दे."

"सांगतो."

"तुमचं मात्र वेगळं." फेस्टस गाडीत बसला. "मला मेंढ्यांसाठी तळं खणायचंय. तुमचा लोडर घड्याळासारखा चालतो ना? सोमवारी घेऊन या."

त्याने गाडी सुरू केली, काच खाली केली.

"आणि मालक परत आला, तर त्यालाही आणा. फावडी दोन आहेत."